दावा आणि डावा

माझ्या अर्जात सतरा गोष्टी होत्या. वकीलसाहेबांनी सांगितलं होतं, "ताई, हात गेल्यापासून रोजच्या जगण्यात काय काय बंद पडलं ते घरी निवांत आठवा आणि लिहून आणा." लिहिणार कशानं? मग मी सांगत गेले आणि थोरलीनं वहीत उतरवून घेतलं. भाकरी थापता येत नाही. वेणी घालता येत नाही. कात्री धरता येत नाही. सुईत दोरा ओवता येत नाही. धुणं पिळता येत नाही. साडीच्या निऱ्या एकटीला घालता येत नाहीत. सोळाव्या क्रमांकाला ती थांबली. तेव्हा ती दहावीत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, ब्लाऊजच्या हुकाचंपण लिहायचं?"

मी म्हटलं, "लिही."

यादी खरी होती. एक अक्षर वाढवून सांगितलेलं नव्हतं. पण ती कोर्टात दिली आणि पुढची पाच वर्षं मी त्या यादीतच राहायला गेले. निकाल लागला, पैसे आले, तरी मला तिच्यातून बाहेर पडता येईना.

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री नोटा बंद झाल्या आणि पुढच्याच आठवड्यात आमचा अपघात झाला. मी साताऱ्याहून अस्तराचं कापड, हुकांची पाकिटं आणि दोन डझन रिळं घेऊन ह्यांच्या मागे स्कूटरवर बसून कोरेगावला परत येत होते. मागून टेम्पो आला. हे बाजूला फेकले गेले, खरचटण्यावर निभावलं. माझा उजवा हात चाकाखाली सापडला. तर्जनी आणि मधलं बोट गेलं, मनगटात पट्टी आणि स्क्रू बसले. अंगठा वाचला, पण तो आत दुमडत नाही. त्या दिवसांत औषधाची दुकानं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जुन्या पाचशेच्या नोटा घेत होती, खाजगी दवाखाना घेत नव्हता. ह्यांनी घरातले होते नव्हते ते पैसे जुन्या नोटांत हातात धरून उभं राहायचं, आणि रोख भरायला पतसंस्थेतल्या ओळखीच्या माणसाकडे धावायचं. माझ्या पाटल्या त्याच आठवड्यात गहाण पडल्या. मला हे सगळं नंतर कळलं.

अपघाताची बाकी हकीकत सांगण्यात मला रस नाही. ती मी पोलिसांना, डॉक्टरांना, वकिलांना, विमा कंपनीच्या माणसाला आणि शेवटी न्यायाधीशांना इतक्यांदा सांगितली आहे की ती आता दुसऱ्या कुणाची तरी वाटते.

ऑगस्ट 2017 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली दावा दाखल झाला. आमच्याकडे याला सरळ 'क्लेम' म्हणतात. क्लेम लावला, क्लेम लागला. फाइलच्या पुठ्ठ्यावर मी हट्टानं डाव्या हातानं 'दावा' असं लिहिलं. सरावाची दुरेघी वही घेऊन बसायचे तेव्हा. धाकट्यानं फाइल उचलली आणि मोठ्यानं वाचलं, "डावा." माझ्या द ची गाठ ड सारखी वळली होती. ते अक्षर मी तसंच ठेवलं.

दाव्याचं गणित ऐकून सुरुवातीला अंगावर काटा आला होता. नंतर त्यातला विचार समजत गेला आणि त्याच्याविषयी आदर वाटायला लागला, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. आधी दरमहाची कमाई ठरवायची. वर्षाची काढायची. ती वयाप्रमाणे एका आकड्यानं गुणायची. 2009 सालच्या सरला वर्मा खटल्यापासून हे गुणक ठरून गेले आहेत. वय सव्वीस ते तीस असेल तर 17, अपघाताच्या दिवशी माझं वय 41 होतं म्हणून 14. पन्नाशी ओलांडली की 11. म्हणजे माझ्या हातात आणखी चौदा वर्षांची शिवण होती, असं कायदा धरून चालला. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात आणखी पाव भर घालायची. 2017 च्या प्रणय सेठी खटल्यानंतर स्वतःचा धंदा करणाऱ्या, चाळिशी ते पन्नाशीतल्या माणसाला 25 टक्के. आणि मग या सगळ्याचा टक्का काढायचा, जेवढा हात निकामी झाला तेवढा.

खरी लढाई या टक्क्याची. दाखला देणाऱ्या डॉक्टरांनी कोनमापक लावून एकेक सांधा मोजला आणि 38 टक्के कायमचं अपंगत्व लिहिलं. दिव्यांगांच्या बहुतेक सवलती 40 टक्क्यांपासून लागू होतात, त्या दोन टक्क्यांनी हुकल्या. मी रडवेली झाले तर वकीलसाहेबांनी मला राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा 2010 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समजावून सांगितला. त्यात न्यायालयानं म्हटलं आहे की शरीराचा टक्का आणि कमाईचा टक्का एक नव्हे. उदाहरण दिलंय ते असं: डावा हात गेला तर शरीराचं अपंगत्व साठेक टक्के असेल, पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडाली, सरकारी कचेरीतला कारकून असेल तर त्याची नोकरी कदाचित जाणारही नाही. हात कुणाचा, त्या हातानं तो माणूस काय करत होता, हे आधी बघा.

मी त्यांना म्हटलं, "मग शिंपिणीचा उजवा हात?"

"तेच तर सिद्ध करायचंय," ते म्हणाले.

सिद्ध करायला माझ्याकडे पावती नव्हती, परवाना नव्हता, आयकराचा कागद नव्हता. होती ती मापांची वही. बारा वर्षांची मापं, प्रत्येक पानावर बाईचं नाव, उंची, छाती, कंबर, बाही, मुंढा, पुढचा गळा, मागचा गळा आणि कोपऱ्यात शिलाईचे पैसे. ती वही कोर्टात दाखल झाली. पुरावा म्हणून तिच्यावर निशाणी क्रमांकाचा शिक्का बसला. गावातल्या निम्म्या बायकांची मापं त्या फाइलमध्ये अडकून पडली, आणि माझं मनही.

आता जे सांगायचंय ते सांगायला मला बरीच वर्षं लागली.

मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं. कोर्टाच्या तारखा थांबल्या. एप्रिलमध्ये बचत गटाच्या बायकांनी मास्क शिवायला घेतले. समोरच्या घरातून मशीनचा आवाज दुपारभर यायचा. माझं मशीन साडेतीन वर्षं चादरीखाली होतं. एके दुपारी सासूबाई झोपल्या होत्या, मी चादर काढली. मशीनचं चाक उजवीकडे असतं. ते उजव्या तळव्याच्या टाचेनं ढकललं. पाय लावला. डाव्या हातानं कापड सरकवत गेले. टीप वाकडी आली, उसवली, परत घातली. तिसऱ्यांदा सरळ आली.

आनंद व्हायला हवा होता. मला झाली ती भीती. मी दार लावून घेतलं. मी पहिली सरळ टीप घातली त्या क्षणी मनात पहिला विचार आला तो असा: हे कुणी पाहिलं तर टक्का कमी होईल. शिवलेले मास्क मी रव्याच्या डब्यात ठेवले. थोरलीच्या हाती बचत गटाला पाठवले तेव्हा सांगितलं, माझं नाव घेऊ नकोस. फिजिओथेरपीचंही तसंच झालं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मेणाच्या गरम भांड्यात हात बुडवायचा, चेंडू दाबायचा, हे मी दाखला मिळेपर्यंत नेमानं केलं होतं. नंतर ते हळूहळू सुटलं. कंटाळ्यानं सुटलं असं मी घरी सांगायचे. हात आणखी सुधारला तर अर्ज खोटा पडेल ही धास्ती त्यामागे होती. अपघातानं दोन बोटं नेली. उरलेल्या तीन बोटांचं नुकसान काही अंशी मी स्वतः होऊ दिलं.

शेवटी राहवेना म्हणून वकीलसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, शिवा की. कुणी विचारलं तर शिवले म्हणून सांगा. खरं बोललात तर फार तर टक्का जाईल. खोटं बोललात तर केस जाईल." असा वकील मिळणं हे माझं खरं भाग्य.

फेब्रुवारी 2021 मध्ये उलटतपास झाला. विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, मशीन विकलं का? नाही. म्हणजे वापरता? लॉकडाऊनमध्ये मास्क शिवले. किती? साठेक असतील. पैसे घेतले? नाही. त्यांनी न्यायाधीशांकडे असं पाहिलं की जणू सगळं संपलं. मग न्यायाधीश मॅडमनी स्वतः मला विचारलं, "ब्लाऊज शिवता येईल का तुम्हाला?"

मी म्हटलं, "शिवता येईल मॅडम, कापता येणार नाही. आणि ब्लाऊज कात्रीत असतो, मशीनवर नसतो."

हे वाक्य मी ठरवून गेले नव्हते. निकालपत्र इंग्रजीत आलं तेव्हा थोरलीनं वाचून अर्थ सांगितला. अर्जदार सरळ शिलाई करू शकते हे तिनं प्रामाणिकपणे मान्य केलं आहे, परंतु कापड बेतणं आणि कापणं हाच या व्यवसायाचा गाभा आहे, सबब कमाईची हानी 60 टक्के धरण्यात येते. जी गोष्ट मी रव्याच्या डब्यात लपवली होती तिच्यामुळेच माझ्यावर विश्वास ठेवला गेला.

निकालापर्यंत पोचण्याआधी एक वळण होतं. ऑक्टोबर 2021 च्या शेवटी एसटीचा संप सुरू झाला आणि तो एप्रिलपर्यंत चालला. हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. पगार बंद. डिसेंबरच्या राष्ट्रीय लोकअदालतीत विमा कंपनीनं तडजोडीचा आकडा सांगितला, सहा लाख. लोकअदालतीत मिटलं की तिथंच मिटलं, त्यावर अपील नाही. पैसे लवकर मिळाले असते. किराणा दुकानदारानं उधारीची वही बंद केलेली होती. त्या रात्री हे ओट्यापाशी उभे राहून बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "हात तुझा आहे. तू ठरव." मी नाही म्हटलं. लोकअदालत वाईट असते असं मला म्हणायचं नाही. कितीतरी घरांना तिनं दहा वर्षांच्या फेऱ्यांतून सोडवलंय. पण मला माझ्या वहीचं काय होतं ते ऐकायचं होतं. त्या हट्टापायी ह्यांनी चार महिने ट्रकच्या गॅरेजमध्ये मजुरी केली. त्याबद्दल ते आजवर एक शब्द बोललेले नाहीत.

जून 2022 ला निकाल लागला. कमाई महिना 8,000 धरली. मी 12,000 सांगितली होती, पण वहीतली शिलाई आणि माझी आठवण यांत फरक पडला. पुढच्या वाढीचे 2,000 धरून महिना 10,000, वर्षाचे 1,20,000, गुणिले 14, त्याचे 60 टक्के: 10,08,000 रुपये. औषधोपचाराचे वेगळे, बुडालेल्या महिन्यांचे वेगळे, वेदनेचे 75,000 आणि जगण्यातल्या आनंदाला मुकल्याबद्दल 75,000. वर दावा दाखल केल्यापासून सात टक्के व्याज. अपिलाची 90 दिवसांची मुदत गेली आणि नोव्हेंबरात, अपघाताला सहा वर्षं झाली त्याच महिन्यात, मोबाइलवर बँकेचा संदेश आला. सगळे मिळून 20 लाखांच्या थोडे वर. निम्मी रक्कम कोर्टाच्या आदेशानं पाच वर्षांच्या ठेवीत गेली, ती 2027 साली सुटेल. हे बंधन तेव्हा टोचलं. पुढच्या महिनाभरात कोण कोण उसने मागायला आलं ते पाहिल्यावर त्या न्यायाधीश बाईंना मी मनातल्या मनात नमस्कार केला.

एका लग्नात एक नातलग बाई मला म्हणाल्या, "नशीब काढलंस बाई." त्या वाईट नाहीत. त्यांच्या घरचा माणूस गेली दोन वर्षं डायलिसिसवर आहे, त्यांना कुणी भरपाई देणार नाही. त्यांना वीस लाख दिसले, आणि त्यांच्या जागी मला काय दिसलं असतं कोण जाणे. पण त्या रात्री मला झोप आली नाही. हाताचे पैसे. घरात आम्ही त्यांना तसंच म्हणायला लागलो होतो. हाताच्या पैशांतून पतसंस्था फेडली. हाताच्या पैशांतून थोरलीची फी.

पाटल्या सोडवून आणल्या तो दिवस मात्र मी विसरणार नाही. सराफाच्या पेढीवर त्यांनी लाल कागदातून काढून समोर ठेवल्या. सहा वर्षांत मी त्या रोज आठवल्या होत्या. डाव्या हातात एक गेली. उजव्या हातात घालायला गेले आणि कळलं की पाटली चढायला अंगठा आत दुमडावा लागतो. साधी गोष्ट, जन्मात कधी लक्षात आली नव्हती. पेढीवरच्या माणसानं साबणाचं पाणी मागवलं. मी म्हटलं, राहू द्या. दुसरीही डाव्याच हातात घातली. दोन पाटल्या एकाच हातात, आणि वर एसटीच्या गर्दीतून घरी आले. त्या एकमेकींवर वाजत होत्या. रिकाम्या हाताकडे बघून वाईट वाटलं ते वाटलंच, पण तो आवाज मला आवडला. अजूनही त्या तशाच आहेत. लोक विचारतात तेव्हा कारण सांगते.

तर पैसे आले, कर्ज फिटलं, दावा संपला. मी मात्र तशीच. कुणी काही म्हटलं की तोंडातून आपोआप निघायचं, "मला जमत नाही." डबा उघडून दे, जमत नाही. ही पिशवी धर, जमत नाही. बाहेरचं कुणी घरी आलं की उजवा हात पदराखाली जायचा आणि मी थोडी वाकून चालायला लागायचे. विमा कंपनीचा माणूस बघत असेल तर, ही सवय. एका सकाळी सासूबाई परातीपुढे बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या, गुडघे गेलेल्या. त्यांनी मला पाण्याचा तांब्या जवळ सरकवायला सांगितला आणि मी म्हटलं, जमत नाही. तांब्या माझ्या डाव्या हाताशी होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आगं, कोर्ट सपलं की आता."

मी तिथंच बसले. किती वेळ बसले ठाऊक नाही.

त्याच दिवशी त्यांनी माळ्यावरून विळी काढायला लावली. ओटा झाला तेव्हापासून मी सुरी वापरत होते, आणि सुरीला दोन हात लागतात, एक धरायला, एक कापायला. विळीचं पातं जागचं हलत नाही, पाट पायाखाली दाबलेला असतो. भाजी तेवढी पात्याकडे न्यायची. डाव्या हातानं भेंडी पुढे केली, उजव्या तळव्यानं आधार दिला. पहिली भेंडी कापली गेली. दवाखान्यातून आणलेल्या कुठल्याही साधनानं जे झालं नव्हतं ते माळ्यावर धूळ खात पडलेल्या लोखंडाच्या पात्यानं झालं. आता मी कांदाही विळीवरच चिरते.

भाकरीला सहा महिने लागले. भाकरी म्हणजे उजव्या हाताचं थापणं आणि डाव्याचं वळवणं. मला ते उलटं करायचं होतं. उजवा तळवा कडेला लावून भाकरी फिरवायची आणि डाव्यानं थापायची. डाव्या हाताला वजन कळेना. मध्ये जाड, कडेला चिरलेली. उचलताना तुटायची. तुटलेल्या भाकऱ्या आम्ही दुधात कुस्करून खाल्ल्या, कालवणात बुडवून खाल्ल्या, उरलेल्या म्हशीवाल्यांना दिल्या. सासूबाई शेजारी बसून फक्त पाणी गरम करून द्यायच्या, पीठ मळायलाही हात लावायच्या नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडी एक भाकरी तव्यावर फुगली. पूर्ण नाही, एका बाजूनं. त्यांनी ती माझ्यासाठी ठेवली नाही, स्वतः खाल्ली.

त्यांच्याबद्दल आणखी लिहायला हवं. सहा वर्षं त्या घरातल्या भाकऱ्या त्या बाईनं थापल्या, माझी वेणी घातली, माझे हुक लावले. निकालपत्रात 'मदतनीस' या सदराखाली काही हजार रुपये आहेत. आमची केस चालू होती त्याच सुमारास, जानेवारी 2021 मध्ये, कीर्ती खटल्याचा निकाल आला होता. अपघातात गेलेल्या जोडप्यातली बायको गृहिणी होती, तिच्या कामाचं मोल धरायचं की नाही असा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयानं धरलं, आणि 2019 च्या देशव्यापी पाहणीचे आकडे दिले: घरच्या बिनपगारी कामाला बाई दिवसाला सरासरी 299 मिनिटं देते, पुरुष 97. जुन्या कायद्याच्या तक्त्यात तर न कमावणाऱ्या बायकोचं उत्पन्न नवऱ्याच्या एक तृतीयांश धरायचा नियम होता. वाचून मला बरं वाटलं, आणि मग सासूबाईंकडे लक्ष गेलं. माझी मिनिटं कोर्टानं मोजली. माझी थांबलेली मिनिटं ज्यांनी भरून काढली त्यांची कुठल्याच कागदावर नोंद नाही. त्या दावेदार नव्हत्या, साक्षीदारही नव्हत्या. आनंदाला मुकल्याबद्दलच्या 75,000 मधून मी त्यांना पंढरपूरला नेलं, गाडी करून, मध्ये थांबत थांबत. उरलेले त्यांच्या नावावर पोस्टात ठेवले. त्यांनी विचारलं, हे कशाचे? मी म्हटलं, तुमच्या हाताचे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी पाच वर्षं कुणाकडे गेले नव्हते. बाईनं बाईला कुंकू लावायचं ते उजव्या हाताच्या अनामिकेनं. माझी अनामिका शाबूत आहे, पण तिला नेम नाही. कुंकू कपाळावर कुठेही लागतं. डाव्यानं लावलं तर अशुभ. डाव्यानं वाण द्यायचं नाही, प्रसाद घ्यायचा नाही, पंगतीत डाव्यानं जेवायचं नाही. हे नियम मला कुणी लादले म्हणून नव्हते, ते माझ्याच अंगात मुरलेले होते. 2023 च्या संक्रांतीला मी घरी हळदीकुंकू केलं. गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर आजी पहिल्या आल्या. मी डावा हात पुढे केला आणि अडखळले. त्यांनी माझा उजवा हात स्वतःच्या हातात घेतला, त्याची अनामिका कुंकवात बुडवली, आणि माझंच बोट धरून स्वतःच्या कपाळाला लावून घेतलं. मग बाकीच्या बायकांनीही रांगेनं तसंच केलं, न बोलता. तिळगूळ मात्र मी डाव्या हातानं दिला आणि सगळ्यांनी घेतला.

शिवणाचं सांगते. मशीनला मोटर बसवली, म्हणजे चाक ढकलायची गरज राहिली नाही. फॉल-पिकोचं मशीन घेतलं. डावखुऱ्यांची कात्री मुंबईहून मागवली. साधी कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकींपासून फाकतात आणि कापड मध्येच दुमडतं. डावखुऱ्या कात्रीची पाती उलटी असतात. सुरुवातीला जुन्या साड्या कापल्या, मग वर्तमानपत्र, मग अस्तर. खडूनं बेतणं डाव्या हाताला लवकर आलं. अंगठ्याला फोड आले, गेले, घट्टे पडले. दोन वर्षांनी मी रेशमी खणावर कात्री चालवली, श्वास धरून.

आणि त्या रात्री पुन्हा ती जुनी भीती. मी कोर्टात शपथेवर सांगितलं होतं, कापता येणार नाही. मी खोटं बोलले का? कितीतरी दिवस हे मनातून जाईना. मग एकदा हिशेब मांडला. अपघाताआधी मी दिवसाला चार ब्लाऊज काढत होते. आता पूर्ण दिवस बसले तर एक, कधी दीड. संध्याकाळी मनगट सुजतं, थंडीत स्क्रूची जागा ठणकते. 60 टक्के लिहिणाऱ्या बाईंचा हिशेब फार चुकला नव्हता. झालाच तर माझ्या बाजूनं कमी होता. त्या दिवशी जे येत नव्हतं ते येत नाही म्हणून सांगितलं होतं. 'येणार नाही' हा शब्द तेवढा मी वापरायला नको होता. पुढचं मला तरी कुठे ठाऊक होतं?

मापांची वही परत मिळायला अर्ज करावा लागला. गेल्या वर्षी ती हातात आली. पुठ्ठ्यावर निशाणीचा शिक्का, पहिल्या पानावर कोर्टाची सही. आत सगळ्या बायका होत्या तशाच, 2016 च्या. त्यांतल्या दोघी आता नाहीत. एकीचं माप छत्तीसचं होतं, तिचं आता बेचाळीस. एका मुलीचा तिच्या साखरपुड्याचा ब्लाऊज मी बेतून ठेवला होता. ती दोन मुलांची आई झाली. शेवटचं भरलेलं पान अपघाताच्या आदल्या दिवसाचं, माझ्या उजव्या हाताच्या टपोऱ्या, एका ओळीतल्या अक्षरांत. त्यापुढचं पान कोरं.

ते पान बरेच दिवस कोरंच राहिलं. नवीन मापं मी सुट्या कागदावर घेत होते. मग गौरीच्या आधी तीच ती साखरपुड्यावाली पोर आली, कडेवर धाकटं, हातात हिरव्या काठाचा खण. म्हणाली, "काकू, जमेल का?" मी टेप घेतली. उंची 14, छाती 38, कंबर 33, शोल्डर 14, बाही 9, मुंढा 8. डाव्या हातानं लिहिलं, त्या कोऱ्या पानावर. अक्षरं अजून उजवीकडे कलंडतात. ती बाळाला सांभाळत शांत उभी राहिली.

"कधी येऊ न्यायला?"

पाच वर्षं तारखा मला मिळत होत्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मनात दिवस मोजले, मनगटासाठी एक दिवस जास्तीचा धरला.

"बुधवारी ये," मी म्हटलं. आणि वहीच्या कोपऱ्यात शिलाईच्या पैशांशेजारी तारीख टाकली.